अंगुस्तान

परवा भाचा आला तो डाव्या हाताची बोटं पसरून, नुकतीच मेंदी लावल्यासारखी. गिटार घेऊन जेमतेम तीन आठवडे झालेत. "मामा, टोकं पार सोलवटलीत. काहीतरी दे ना लावायला." मी हळद पुढे केली. ती नको, गिटारला डाग पडतील म्हणे. गळ्यासाठी आमच्या ग्वाल्हेरात तानसेनाच्या समाधीजवळची चिंच आहे, गवई तिचा पाला खातात. बोटांसाठी असं झाड कोणी लावून ठेवलेलं नाही. मग शिवणाच्या मशीनच्या खणात चिकटपट्टी शोधताना आईचं अंगुस्तान हाती लागलं.

अंगुस्तान म्हणजे काय हे आता सांगावं लागतं. बोटाच्या टोकावर बसणारी पितळेची टोपी. सुईचं बूड घसरू नये म्हणून तिला अंगभर बारीक खळगे असतात. ग्वाल्हेरची थंडी जुन्या लुगड्यांच्या गोधडीशिवाय निघत नसे, आणि तीनचार थरांतून सुई रेटायची तर उघडं बोट टिकत नाही. आईच्या अंगुस्तानाचे एका बाजूचे खळगे झिजून गुळगुळीत झालेत. दुसरी बाजू अजून नवीकोरी. कितीतरी वर्षं सुई त्याच एका जागी ढकललेली.

अंगुस्तान घालून गिटार वाजवणारा माणूस मला एकच माहीत आहे. टोनी आयोमी, ब्लॅक सबाथ या इंग्रजी रॉक बँडचा गिटारवाला. जन्म 1948, गाव बर्मिंगहॅम, नोकरी पत्र्याच्या कारखान्यात. सतरा वर्षांचा असताना नोकरीचा शेवटचा दिवस होता, कारण बँडबरोबर परदेशी जायचं ठरलं होतं. दुपारी जेवायला घरी आला तो परत जायचंच नाही म्हणत. आई म्हणाली, काम पुरं करून ये. (आया सगळीकडे सारख्याच.) त्या दिवशी एक कामगार आला नव्हता, म्हणून याला नेहमीचं काम सोडून त्याच्या प्रेसवर उभं केलं. मशीन खाली आलं आणि उजव्या हाताच्या मधल्या दोन बोटांची टोकं गेली. उजवा हात गेला तरी डावा आहे ना, असं कुणाला वाटेल. पण हा डावरा. तारा दाबायचा हात उजवाच.

कारखान्यातला मुकादम त्याला भेटायला आला तो जँगो राइनहार्ट या गिटारवाल्याची रेकॉर्ड घेऊन. आधी ऐक म्हणाला, मग सांगितलं की 1928 साली गाडीला आग लागून या माणसाच्या डाव्या हाताची दोन बोटं निकामी झाली आहेत. जे ऐकतोयस ते उरलेल्या बोटांचं. मला या सगळ्या कथेत तो मुकादमच जास्त आवडतो. धीर द्यायला आलेली माणसं बहुधा नुसती बोलतात.

पुढचं काम शिंप्याचंच आहे. भांडी घासायच्या साबणाची प्लास्टिकची बाटली वितळवून त्याने गोळी केली, तिला बोटाएवढं भोक पाडलं, पॉलिश पेपरने घासून आकार दिला. प्लास्टिक तारेवरून घसरायला लागलं, तेव्हा जुन्या जॅकेटचं कातडं कापून वर चिकटवलं. तारा जाड लागायच्या, तर बॅन्जोच्या पातळ तारा आणून चढवल्या. 1970 साली ब्लॅक सबाथची पहिली रेकॉर्ड आली ती या टोप्यांवर. पुढच्याच वर्षी तारा उतरवूनही घेतल्या, हार्मोनियमच्या काळ्या-पांढऱ्या मिळून मोजल्या तर तीन पट्ट्या खाली. ढिल्या तारेला दाब कमी लागतो, आणि आवाज विहिरीतून आल्यासारखा येतो. त्याच अंधाऱ्या आवाजावर पुढे हेवी मेटल नावाचं सगळं घराणं उभं राहिलं. बँडमधली माणसं येत-जात राहिली, हा मात्र पहिल्यापासून शेवटपर्यंत. 2012 साली कॅन्सर निघाला, त्यातूनही उठला. 5 जुलै 2025 ला बर्मिंगहॅममध्येच शेवटचा कार्यक्रम झाला, तेव्हाही बोटांवर टोप्या होत्याच.

मला कुतूहल वेगळंच आहे. टोपीतल्या बोटाला तार लागत नाही. दाब पुरेसा पडला की नाही, हे बोट सांगणार नाही, कानालाच विचारावं लागणार. आमच्या जिवाजीगंजातल्या सरोद घरात, म्हणजे वाद्यांच्या संग्रहालयात, काचेआडची सरोदं बघताना हेच मनात आलं होतं. सरोदाला पडदे नसतात. गुळगुळीत पोलादी पट्टीवर तार नखाच्या कडेने दाबायची, आणि नखाला कसली आलीय जाणीव! आईसुद्धा गोधडी शिवताना आमच्याशी बोलत असायची, लक्ष मात्र टक् आवाजाकडे. टक् झालं की सुई बरोबर बसली.

हे सगळं मी भाच्याला ऐकवलं. त्याने मन लावून ऐकलं, मग अंगुस्तान बोटात अडकवून तार दाबली. ताटावर चमचा आपटल्यासारखा आवाज आला.

"पितळ नाही चालणार," मी म्हटलं, "त्याने वर कातडं लावलं होतं."

त्याने खुंटीवरच्या माझ्या जॅकेटकडे पाहिलं. "मामा, ते तू हल्ली घालतोस का रे?"