नेहमी ‘आहे’ म्हणणारी चाचणी

मी सी भाषेत एक छोटा नेटवर्क सर्व्हर लिहिला आहे. एकाच वेळी अनेक कनेक्शनवर लक्ष ठेवायला लिनक्सवर ईपोल असतं, तर बीएसडी या युनिक्स घराण्यात (फ्रीबीएसडी त्यातलीच) आणि मॅकओएसवर केक्यू. समोरच्या यंत्रावर यातलं काय आहे, हे बिल्डआधी, म्हणजे सोर्सपासून प्रोग्रॅम तयार करण्याआधी, एक शेल स्क्रिप्ट शोधते. चार ओळींचा प्रोग्रॅम तयार करायचा, कंपाइल करून बघायचा, झाला तर ‘आहे’. माझ्या फेडोरा लिनक्सवर हे दोन वर्षं बिनतक्रार चाललं. मग एकाने फ्रीबीएसडीवरून कळवलं की बिल्ड पडतोय, कंपायलरला ईपोलची हेडर फाइल (त्यातल्या फंक्शनांची ओळख देणारी) सापडत नाही.

सापडणार कशी? तिथे ती नसतेच. मग माझी स्क्रिप्ट ‘ईपोल आहे’ असं कशाच्या जोरावर सांगत होती?

मी व्हर्च्युअल मशीनवर फ्रीबीएसडी टाकलं. तोच चार ओळींचा प्रोग्रॅम हाताने कंपाइल केला, तर एरर. स्क्रिप्ट चालवली, तर ‘आहे’. दोन संध्याकाळी यात गेल्या आणि चूक सापडली ती दोन चिन्हांत. कंपायलरचा मजकूर गप्प करायला मी &> लिहिलं होतं. बॅश या शेलसाठी (शेल म्हणजे कमांड चालवणारा प्रोग्रॅम) याचा अर्थ ‘आउटपुट आणि एरर, दोन्ही तिकडे पाठव’. पण पॉझिक्स या युनिक्सच्या सामाईक प्रमाणकातल्या शेलमध्ये हे चिन्हच नाही. फ्रीबीएसडीचा शेल त्याचे दोन तुकडे करतो: & म्हणजे आधीची कमांड बॅकग्राउंडला सोड, आणि > म्हणजे पुढे दिलेली फाइल लिहिण्यासाठी उघड. दुसऱ्या तुकड्यात फसण्यासारखं काही नाही, त्यामुळे निकाल कायम यशस्वी. कंपाइल झालं की नाही, हे कोणी विचारतच नव्हतं. चाचणीतली एरर स्क्रीनवर येतही होती, पण मजकूर मुख्य बिल्डच्या एररसारखाच असल्याने मी दोन्ही एकच समजत राहिले.

मला जास्त अस्वस्थ केलं ते पुढच्या शोधाने. उबुंटूने ६.१० या आवृत्तीपासून, म्हणजे २००६ पासून, आणि डेबियनने २०११ च्या आवृत्ती ६ पासून सिस्टिमचा शेल म्हणून डॅश हा छोटा शेल घेतला आहे, आणि डॅशलाही &> कळत नाही. म्हणजे तिथेही माझी चाचणी डोळे झाकून ‘आहे’ म्हणत होती. लिनक्सवर ईपोल खरोखर असतं म्हणून उत्तर बरोबर निघत होतं, इतकंच. फेडोरावर तोच शेल म्हणजे बॅश, त्यामुळे मला कधी शंकाच आली नाही. कंसातल्या तुलनेत = ऐवजी == लिहिलं, तर डॅश निदान तक्रार करतो. गप्प राहणारी चूक कितीतरी वाईट.

&> काढून > आणि 2>&1 असं सुटं लिहिलं. त्याआधी घाईत एक भलतीच दुरुस्ती केली होती, तीही सांगते. यूनेम या कमांडने सिस्टिमचं नाव विचारायचं आणि नावागणिक वेगळी शाखा. चार नावं झाली, मग त्यांच्या आवृत्त्यांचे फाटे फुटले, आणि ओपनबीएसडीचं नाव यादीत नाही म्हणून तिथे बिल्ड नाही, असं होऊन बसलं. खरं तर तिथेही केक्यू आहे. ती सगळी शिडी मी पुसली. जी गोष्ट हवी आहे ती करून बघावी, यंत्राचं नाव विचारू नये, या मताला मी आता चिकटून आहे.

मॅकवर वेगळेच प्रकार निघाले. ग्नू प्रकल्पाच्या सेड या मजकूर बदलणाऱ्या कमांडमध्ये फाइल जागच्या जागी बदलणारा ‘-आय’ पर्याय एकटा चालतो. मॅक आणि फ्रीबीएसडीच्या सेडला त्याच्यापुढे बॅकअप फाइलीचं शेपूट लागतं. मी ‘-आय’ आणि लगेच ‘-ई’ लिहिलं होतं, तर त्याने ‘-ई’ हेच शेपूट मानलं आणि तशा नावाच्या फाइली सोर्समध्ये पडून राहिल्या. हा पर्याय पॉझिक्समध्ये नाहीच, म्हणून आता तात्पुरत्या फाइलीत लिहून तिचं नाव बदलते. ओळी मोजणारं डब्ल्यूसी तिथे ओळींच्या संख्येआधी मोकळ्या जागा सोडतं, त्यामुळे = ने केलेली मजकुराची तुलना फसली. आकड्यांची तुलना केली आणि ते मिटलं.

मेक, म्हणजे बिल्डच्या पायऱ्या चालवणारं साधन, याचा निर्णय सोपा नव्हता. स्टुअर्ट फेल्डमन यांनी १९७६ मध्ये बेल लॅब्समध्ये मेक लिहिलं, आणि पुढे त्याच्या शाखा आपापल्या वाटेने वाढल्या. ग्नू मेक साध्या नियमातही इनपुट फाइलीचं नाव दाखवणारं $< भरून देतं. पॉझिक्स त्याची हमी फक्त फाइलीच्या नावाच्या एका प्रत्ययावरून दुसऱ्या प्रत्ययाकडे नेणाऱ्या नियमांपुरती देतं. फ्रीबीएसडीच्या मेकने ते रिकामं ठेवलं आणि कंपायलर म्हणाला, इनपुट फाइलच नाही. माझी मेकफाइल जेमतेम चाळीस ओळींची, म्हणून मी फाइलींची नावं पूर्ण लिहिली. ती चारशे ओळींची असती तर सरळ ‘जीमेक (ग्नू मेक) लागेल’ असं जाहीर केलं असतं. त्यात कमीपणा नाही.

आता रोजचा बिल्ड मी मुद्दाम डॅशमध्ये चालवते आणि शेल स्क्रिप्टमधल्या चुका दाखवणारं शेलचेक लावते. पण सगळ्यात जास्त विश्वास आहे तो स्क्रिप्टच्या सुरुवातीला घातलेल्या दोन चाचण्यांवर. पहिली जगात कुठेच नसेल अशा नावाची हेडर फाइल शोधते. ती सापडली, तर चाचणीच खोटी, तिथेच थांब. दुसरी सी भाषेची नेहमीची एसटीडीआयओची हेडर शोधते. ती सापडली नाही, तरीही थांब.

गेल्या महिन्यात दुसरी चाचणी उपयोगी पडली. एकजण अल्पाइन या छोट्या लिनक्सच्या कंटेनरमध्ये बिल्ड करत होता. जीसीसी हा कंपायलर होता, पण सी लायब्ररीच्या हेडर फाइली तिथे वेगळ्या पॅकेजमध्ये असतात आणि ते टाकायचं राहिलं होतं. ईपोल, केक्यू यांच्यापर्यंत न जाता स्क्रिप्ट सुरुवातीलाच थांबली आणि एसटीडीआयओ सापडत नाही म्हणाली. त्याने ते पॅकेज, मसल-डेव्ह, टाकलं, आणि बिल्ड पूर्ण झाला.