दाताच्या गोष्टीवरून कोएन बंधू

अमेरिकन दिग्दर्शक कोएन बंधूंचा 'अ सिरियस मॅन' परवा तिसऱ्यांदा बघितला आणि परत तोच प्रश्न, की ते दोघं ज्यू घरात वाढले नसते तर हा पिक्चर असा झाला असता का? मला मनापासून वाटतं, नसता झाला.

दोघं अमेरिकेत मिनियापोलिसजवळच्या सेंट लुईस पार्कमधे वाढले, वडील प्राध्यापक, पिक्चरही तसल्याच उपनगरात १९६७ साली घडतो आणि त्याचा नायक लॅरी गॉपनिक फिजिक्सचा प्रोफेसर, पण हे झालं वरवरचं. हिब्रू शाळा, बार मित्झ्वा (ज्यू मुलगा तेरा वर्षांचा झाला की होणारा विधी) हे अभ्यास करून कुणीही दाखवेल.

मला त्यांचं घर दिसतं ते दुसऱ्या राब्बायच्या, म्हणजे ज्यू धर्मगुरूच्या, सीनमधे. लॅरीची बायको सोडून चाललीये, नोकरीचं काही खरं नाही, बिचारा विचारायला जातो की हे सगळं माझ्याच वाट्याला का, आणि राब्बाय त्याला एका डेंटिस्टची गोष्ट सांगत बसतो! पेशंटच्या खालच्या दातांमागे हिब्रू अक्षरं कोरलेली, 'मला वाचव'. डेंटिस्टची झोप उडते, तो अर्थ शोधत फिरतो, मग? मग काही नाही, हळूहळू विसरला आणि कामाला लागला. लॅरी बघतच राहतो.

मी आधी पोट धरून हसले आणि मग एकदम गलबलून आलं. प्रश्नाला गोष्टीनं उत्तर द्यायची ज्यू लोकांची फार जुनी रीत आहे, तालमूद या त्यांच्या धर्मचर्चेच्या ग्रंथात काही वाद तर निकाल न लावताच सोडलेत, त्याला 'तेकू' असा शब्दच आहे. त्या रीतीची माया आणि तिचा वैताग, दोन्ही त्या एका सीनमधे आहे, आणि ते लहानपणापासून कानावर पडल्याशिवाय येत नाही असं मला वाटतं.

काही जण म्हणतात की काळा विनोद तर त्यांच्याच 'फार्गो'तही आहे, मग ज्यूपणाचा काय संबंध? अहो, तिथे माणसं स्वतःच्या हावेनं मरतात. लॅरी सारखा सांगतोय मी काही केलंच नाही, म्हणजे सरळ बायबलमधला, काही चूक नसताना संकटं सोसणारा ईयोबच की. फक्त ईयोबाशी वावटळीतून देव बोलतो तरी, इथे शेवटी टोर्नेडो येतो, पोरं बाहेर उभी, मास्तरांना तळघराचं कुलूप उघडत नाहीये, आणि कुणीच काही बोलत नाही.