कळलं, समजलं, उमगलं

‘रिअलाइज झालं’ असं सर्रास ऐकू येतं. ‘लक्षात आलं’ हा सरळ शब्द असताना हे कशाला?

कळण्याच्या अर्थाच्या बऱ्याच क्रियापदांना ‘मी’ नाही, ‘मला’ लागतं: मला कळलं, मला जाणवलं, मला उमगलं. बातमी कळते, थंडी जाणवते. उमगायला मात्र वेळ लागतो, म्हणून ‘गाडीची वेळ उमगली’ हे विनोदी वाटतं. ‘समजणे’ जपून वापरावं. ‘मला समजलं’ म्हणजे अर्थ कळला, पण ‘मी त्याला मालक समजलो’ म्हणजे तो मालक नव्हताच! ‘ओळखणे’ला ‘मला’ नाही, ‘मी’ लागतं: ‘मी त्याला आवाजावरून ओळखलं.’ चाहूल आधी लागते, माणूस नंतर दिसतो.

कार्यालयात गफलत होते ती पोच आणि दखल यांत. अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर शिक्का, तारीख आणि सही मिळाली, की ती पोच. कागद पोहोचला, एवढंच. त्यावर विचार झाला तर दखल घेतली, होकार आला तर मंजुरी. ‘पोच मिळाली, काम झालं’ म्हणणाऱ्याला (दुसऱ्या अर्थाने) पोच नाही.