“मॅडम, पण कधीतरी जुळत असेल ना?”

सिडकोत पवननगरला मी नववी-दहावीचे क्लास घेते. परवा संध्याकाळच्या बॅचला अक्षरांच्या अपूर्णांकांची बेरीज चालू होती, एका पोराला फळ्यावर बोलावलं तर त्याने १/अ + १/ब = २/(अ+ब) असं बिनधास्त लिहून टाकलं. वरचे वर मिळवले, खालचे खाली. दर बॅचला कोणी ना कोणी हे करतंच. मी म्हटलं, अ पण २ घे आणि ब पण २ घे, डावीकडे अर्धा अधिक अर्धा म्हणजे १, उजवीकडे २/४ म्हणजे अर्धाच, जुळलं का? आधी छेद सारखे करायचे, मग वर येतं अ+ब आणि खाली अब. चला, पुढचं गणित.

पोरगं फळ्यापासून हलेना. “मॅडम, २ ला नाही जुळलं, पण कुठल्यातरी आकड्याला जुळत असेल ना?”

काय सुंदर प्रश्न होता! आपण वहीत लाल फुली मारतो आणि पुढे जातो, ती चूक नेमकी किती चूक आहे हे बघतच नाही, मला हे फार खटकतं. पोर्शन ठेवला बाजूला. अख्खी बॅच आकडे टाकायला लागली, ३ आणि ६ घेतले तर डावीकडे अर्धा आणि उजवीकडे २/९, कुणी १ आणि −१ घेतले तर उजवीकडे छेदातच शून्य, ते बाद. नुसता गलका. मग मागच्या बाकावरची एक मुलगी म्हणाली, आकडे कशाला, तिरकस गुणाकार करू ना. (अ+ब)² = २अब. विस्तार केला, अ² + २अब + ब², दोन्हीकडचे २अब गेले आणि उरलं अ² + ब² = ०. वर्ग काही ऋण येत नाही, म्हणजे अ आणि ब दोन्ही शून्यच पाहिजेत, आणि शून्य तर छेदात चालतच नाही. म्हणजे कधीच नाही! एकाही जोडीला नाही!

फळ्यावरचं पोरगं मात्र अजून तिथेच. “मग वजाबाकीत जुळेल बघा मॅडम. १/अ − १/ब, वर १−१ म्हणजे शून्य, खाली अ−ब. दोन्ही सारखे घेतले की डावीकडे पण शून्यच.” म्हटलं, टाक आकडे. त्याने ५ आणि ५ टाकले, डावीकडे शून्य आलं, खूश झाला, उजवीकडचा छेद लिहायला गेला आणि तिथेच ओरडला, “अर्रे, खाली पण ५−५ आलं की!”