आल्प द्युएझची तयारी, सप्तशृंगीच्या घाटात

नाशिकमध्ये सायकली दुरुस्त करणे आणि त्या चालवणाऱ्याच्या अंगाला बसतील अशा जुळवून देणे हा माझा व्यवसाय आहे. नाशिकच्या महेंद्र आणि हितेंद्र महाजन या डॉक्टर बंधूंनी २०१५ मध्ये ‘रेस अक्रॉस अमेरिका’ ही सायकल शर्यत दोघांच्या संघात पूर्ण केली, तेव्हापासून आपल्या गावचा माणूस काहीही करू शकतो असा विश्वास माझ्याकडे येणाऱ्या अनेकांच्या बोलण्यात दिसतो. त्यामुळे महाविद्यालयात शिकवणारे, पन्नाशी ओलांडलेले एक सर ‘फ्रान्सला जाऊन आल्प द्युएझ चढायचा आहे’ असे म्हणाले, तेव्हा मला नवल वाटले नाही. काळजी वाटली ती त्यांच्या गुडघ्याची, कारण महिनाभर त्यांच्या वाटीच्या खाली दुखत होते आणि तरीही त्यांनी सराव थांबवला नव्हता.

आल्प द्युएझ हे आल्प्स पर्वतातले ठिकाण. बूर द्वाझाँ या गावापासून तिथे वर जाणारा तो रस्ता १३.८ किलोमीटरचा असून त्याचा सरासरी चढ सुमारे ८ टक्के आहे. १९५२ साली टूर द फ्रान्स या सायकल शर्यतीचा टप्पा प्रथमच डोंगरमाथ्यावर संपला तो इथेच, आणि तो फाउस्तो कोप्पीने जिंकला. रस्त्यावरच्या २१ वळणांना उलटे क्रमांक दिलेले आहेत, म्हणजे पायथ्याशी २१ आणि माथ्याजवळ १, आणि प्रत्येक वळणावरच्या पाटीवर या माथ्यावरचा टप्पा जिंकलेल्या सायकलपटूचे नाव आहे. नवख्या माणसाला वळणांची भीती वाटते. खरा घात मात्र २१ क्रमांकाचे वळण येण्याआधीच्या सरळ चढावर होतो, कारण तिथे चढ १० टक्क्यांच्या वर जातो आणि ताज्या पायांच्या जोरावर माणूस नको तितकी शक्ती तिथेच खर्चून बसतो.

सरांना प्रत्यक्ष चढावर पाहिल्याशिवाय काही ठरवायचे नाही म्हणून आम्ही दिंडोरी, वणी मार्गे नांदुरीला गेलो. नांदुरीहून सप्तशृंग गडावर जाणारा घाट सुमारे १० किलोमीटरचा, म्हणजे त्या चढापेक्षा लहान आहे, परंतु दम काढायला तो पुरेसा आहे. भाविकांच्या गाड्यांची वर्दळ सुरू होण्याआधी, उजाडताच सर निघाले आणि मी दुचाकीवरून मागे राहिलो.

पहिले काही किलोमीटर ते व्यवस्थित गेले. मग एका तीव्र वळणाच्या आतल्या अंगाला मला जे दिसले, त्यातच त्यांच्या दुखण्याचे कारण होते. चेन मागच्या सर्वांत मोठ्या चक्रीवर केव्हाच गेलेली होती, तरी त्यांची बोटे शिफ्टर, म्हणजे गिअर बदलण्याची कळ, पुन्हा पुन्हा आत ढकलत होती. पॅडलचे फेरे मिनिटाला ४५ वर आले होते, आणि प्रत्येक फेऱ्यात पॅडल सर्वांत खाली असतानाही उजवा गुडघा बराच वाकलेला राहून बाहेर फाकत होता.

रुंद जागा पाहून मी त्यांना थांबवले. ‘पाय संपले हो, वय झालं,’ असे ते म्हणाले. त्यांच्या आवाजातली निराशा मला सहन झाली नाही. मी म्हणालो, ‘सर, पाय शाबूत आहेत, गिअर संपलेत.’

त्यांच्या सायकलला पुढे ३४ आणि मागे जास्तीत जास्त २८ दाते होते, म्हणजे पॅडलच्या एका फेऱ्यात सायकल सुमारे अडीच मीटर पुढे जाणार. मागे ३४ दाते बसवले, तर तेच अंतर साधारण २.१ मीटर होते. त्याच वेगाला फेरे वाढतात आणि प्रत्येक फेऱ्यामागे गुडघ्यावर येणारा जोर कमी होतो. मोठी कॅसेट, म्हणजे मागच्या चक्र्यांचा मोठा संच, लावणे कमीपणाचे आहे, ही समजूत आपल्याकडे फार घट्ट बसली आहे आणि ती घालवण्यासाठी मी नेहमी भांडत आलो आहे. सीटही खाली होती. जुन्या उंचीवर चिकटपट्टीची खूण करून मी ती तिथेच १२ मिलिमीटर वर घेतली. उरलेल्या घाटात गुडघा बराचसा सरळ रेषेत राहिला, पण फेरे काही वाढले नाहीत.

दुकानात परतल्यावर ११-३४ ची कॅसेट बसवली. चेन एका चक्रीवरून दुसरीवर नेणारा त्यांचा आखूड पिंजऱ्याचा डिरेलर ३४ दाते पेलणारा नव्हता, म्हणून लांब पिंजऱ्याचा घेतला आणि चेनही नवी, लांब टाकली. उतारासाठी ब्रेक पॅडही बदलले, कारण इतक्या उंचीवरून खाली येताना ब्रेकवरच सगळा भरवसा असतो. पुढे काही आठवड्यांनी त्याच वळणावर त्यांचे फेरे ५५ च्या खाली गेले नाहीत.

निघण्यापूर्वी मी त्यांना एकच गोष्ट बजावली, की पायथ्याचे २१ क्रमांकाचे वळण येईपर्यंत कोणी कितीही पुढे गेले तरी त्यांच्या मागे जोराने जायचे नाही. जुलैत फ्रान्सहून त्यांचा फोन आला. सगळेजण त्यांना पायथ्याशीच मागे टाकून गेले होते, आणि त्यांतले निम्मे त्यांना वरच्या वळणांवर दम खात उभे असलेले भेटले. ते स्वतः १ तास ५० मिनिटांत, कुठेही पाय न टेकता वर पोहोचले होते. गुडघ्याचे मी विचारले, तेव्हा कुठे त्यांना त्याची आठवण झाली.