‘२४ तासांत’ की ‘२४ तासांनी’: माझ्या पहिल्या शोधनिबंधातले काळाचे शब्द

परीक्षकांचा अभिप्राय आला तेव्हा त्यातला पहिलाच प्रश्न माझ्या एका छोट्याशा वाक्यावर होता. बियांच्या उगवणीवरचा माझा पहिला शोधनिबंध. मी लिहिलं होतं, ‘रीडिंग्ज वेअर टेकन इन २४ अवर्स.’ परीक्षकांनी विचारलं होतं, नोंद २४ तास उलटल्यावर एकदाच घेतली, की त्या २४ तासांच्या आत पुन्हापुन्हा घेतली?

व्याकरणाची चूक दाखवली असती तर मुकाट्याने दुरुस्त केली असती. पण हा प्रश्न प्रयोगाबद्दल होता. मी नेमकं काय केलं तेच वाचणाऱ्याला कळलं नव्हतं, आणि त्याला कारण होता एक ‘इन’. दोन दिवस मला त्याची रुखरुख लागून राहिली.

मराठीत मी हा घोळ कधीच घातला नसता. ‘२४ तासांत नोंदी घेतल्या’ आणि ‘२४ तासांनी नोंद घेतली’ या दोन वेगळ्या गोष्टी आहेत हे आपल्याला शिकवावं लागत नाही. इंग्रजीतला ‘इन’ मात्र दोन्हीकडे जातो. ‘आय विल कॉल यू इन टू अवर्स’ म्हणजे दोन तासांनी. ‘शी फिनिश्ड इट इन टू अवर्स’ म्हणजे दोन तासांत. होऊन गेलेल्या गोष्टीबद्दल लिहिताना आपल्या ‘नी’साठी ‘आफ्टर’ हवा, आणि ‘च्या आत’ ठासून सांगायचं तर ‘विदिन’. माझ्या मनात ‘तासांनी’ होतं आणि कागदावर ‘इन’ उतरला. वाक्य बदललं: ‘अ सिंगल रीडिंग वॉज टेकन आफ्टर २४ अवर्स.’

मला वाटलं, संपलं. मार्गदर्शक मॅडम म्हणाल्या, “एवढंच दुरुस्त करून पाठवू नकोस. सगळा मसुदा काढ आणि काळ सांगणारा प्रत्येक शब्द अधोरेखित कर.” केला. पद्धतीच्या विभागात रेघ नाही असं वाक्य शोधावं लागत होतं. मग प्रत्येक वाक्याशेजारी समासात एक आडवी काळरेषा काढायला सुरुवात केली. क्षण असेल तर ठिपका, कालावधी असेल तर जाड पट्टा, मुदत असेल तर उभी भिंत. जिथे काय काढायचं ते मलाच ठरवता येईना, तिथलं वाक्य वाचणाऱ्याला कळणं शक्यच नव्हतं.

सगळ्यात जास्त चुका ‘पासून’ने घडवल्या होत्या. आपला ‘पासून’ ठिपक्यालाही लागतो आणि पट्ट्यालाही: ‘सोमवारपासून’ आणि ‘तीन दिवसांपासून’. म्हणून मी बिनधास्त ‘सोक्ड सिन्स सिक्स अवर्स’ लिहिलं होतं. ‘सिन्स’ला फक्त ठिपका चालतो: सिन्स मंडे, सिन्स २०१२. पट्ट्यासाठी ‘फॉर’. शिवाय तोच शब्द परत नको म्हणून मी काही ठिकाणी ‘ड्युरिंग सिक्स अवर्स’ केलं होतं. तेही चुकीचं, कारण ‘ड्युरिंग’नंतर नाव असलेली घटना किंवा टप्पा यावा लागतो: ड्युरिंग जर्मिनेशन, ड्युरिंग स्टोअरेज. किती वेळ, हे ‘फॉर’ सांगतो. कशाच्या दरम्यान, हे ‘ड्युरिंग’.

याच गटातला ‘ओव्हर’ मला तोवर ठाऊकच नव्हता, आणि माझ्या मते पद्धत लिहिणाऱ्याला त्याच्याइतका उपयोगी शब्द दुसरा नाही. आम्ही तापमान २० अंशांवरून ३० अंशांवर नेलं होतं, हळूहळू, दोन तास घेऊन. मी लिहिलं होतं, ‘रेझ्ड टू ३० डिग्रीज फॉर टू अवर्स.’ याचा अर्थ तापमान वाढवलं आणि दोन तास तिथे ठेवलं. प्रयोग पुन्हा करणाऱ्याने ते वाचून बिया एकदम उष्णतेत टाकल्या असत्या आणि आमच्याशी न जुळणारे आकडे बघत बसला असता. ‘ओव्हर टू अवर्स’ म्हटलं की सावकाश चढत गेलेली रेषा डोळ्यांसमोर येते. रसायनशास्त्रातही एखादा द्राव थेंबथेंब मिसळला असेल तर ‘अ‍ॅडेड ओव्हर ३० मिनिट्स’ असंच लिहितात.

मग ‘पर्यंत’. ‘पाचव्या दिवसापर्यंत डिश अंधारात ठेवल्या’ आणि ‘पाचव्या दिवसापर्यंत सगळ्यांना कोंब आले’. मराठीत शब्द एकच, इंग्रजीत पहिल्याला ‘अन्टिल’ आणि दुसऱ्याला ‘बाय’. मी दोन्हीकडे ‘बाय’ घातलं होतं. मॅडमनी सांगितलेली कसोटी मी आजही वापरते: मधल्या कुठल्याही क्षणी बोट ठेवलं तर क्रियापद खरं असतं का? डिश अंधारात आहे का, हो, दुसऱ्या दिवशीही, चौथ्या दिवशीही. म्हणजे ‘अन्टिल’. सगळ्यांना कोंब आलेत का, मधे कधीतरी हो झालं, आधी नव्हतं. म्हणजे ‘बाय’. ‘अन्टिल डे फाइव्ह’मध्ये पाचवा दिवस धरायचा की नाही, हा प्रश्न तरीही उरतोच. तिथे मी ‘डेज वन टू फाइव्ह, इन्क्लुसिव्ह’ असं सरळ लिहिलं. सुंदर वाक्य नाही, पण त्यावर कोणी शंका काढणार नाही.

प्रस्तावनेत चुकांचा प्रकार वेगळा होता. ‘थ्री इयर्स अगो’ लिहिलं होतं. पण ‘अगो’ लिहिणाऱ्याच्या आजपासून मोजला जातो, आणि निबंध दहा वर्षांनीही वाचला जाऊ शकतो. आपल्या ‘पूर्वी’ला हे बंधन नाही. इंग्रजीत गेलेल्या एखाद्या क्षणापासून मागे मोजायचं तर ‘थ्री इयर्स अर्लिअर’ किंवा ‘बिफोर’, आणि शोधनिबंधात सगळ्यात चांगलं म्हणजे सरळ सालच द्यावं. ‘फ्रॉम २०१५–२०२०’ असं अर्धं शब्दात आणि अर्धं रेघेत लिहू नये. फ्रॉम असेल तर टू हवा, बिट्वीन असेल तर अँड. ‘टिल डेट’ हा शब्द मी आयुष्यभर ऐकत आले. तो भारतीय इंग्रजीत रुळलाय, औपचारिक लिखाणात मात्र ‘टू डेट’ लिहितात. ‘प्रेझेंटली’ काढून ‘करंटली’ केलं, कारण ‘प्रेझेंटली’चा अर्थ काही वाचकांना ‘आत्ता’ लागतो तर काहींना ‘थोड्याच वेळात’.

काळाच्या रूपाची चूक सापडायला सगळ्यात उशीर लागला, कारण मराठी कानाला ती खटकतच नाही. ‘त्यांनी २०१२ मध्ये दाखवून दिलं आहे’ हे आपल्याकडे शुद्ध वाक्य आहे. त्यामुळे ‘हॅज बीन रिपोर्टेड इन २०१२’ लिहिताना माझा हात थबकला नाही. इंग्रजीत संपलेलं साल आलं की ‘वॉज रिपोर्टेड’च लागतं, ‘हॅज बीन’ हवं असेल तर त्याच्याबरोबर ‘सिन्स २०१२’, ‘इन रीसेंट इयर्स’ असं आजपर्यंत पोचणारं काहीतरी हवं.

कुठला शब्दप्रयोग सहज वाटतो हे स्वतःच्या कानाने ठरवणं मी सोडून दिलं. मार्क डेव्हिस यांनी उभा केलेला कोका हा अमेरिकी इंग्रजीतल्या मजकुराचा, संगणकावर शोधता येणारा संग्रह आहे, १९९० ते २०१९ या काळातला, १०० कोटींहून जास्त शब्दांचा, आणि त्यात विद्वत्तापूर्ण लेखनाचा विभाग वेगळा पाहता येतो. शंका आली की तिथे दोन्ही रूपं घालायची आणि नुसता आकडा न बघता पाच-दहा वाक्यं पूर्ण वाचायची. आकडा फसवू शकतो, वाक्यं सहसा फसवत नाहीत. ‘सिन्स’ कारण सांगायला वापरावा का, हा प्रश्न मात्र तिथे सुटला नाही, कारण तो तसाही भरपूर वापरला जातो. एपीए, म्हणजे अमेरिकन सायकॉलॉजिकल असोसिएशनची लेखनशैली, तो काळापुरता राखून ठेवायला सांगते, ते मला पटलं आणि मी कारणांसाठी ‘बिकॉज’ केलं.

एकक आणि तारखा तासाभरात उरकल्या. तासाचं चिन्ह एकटं एच, मिनिटाचं एम-आय-एन, सेकंदाचं एस. अनेकवचन नाही, मागे टिंब नाही, आकडा आणि चिन्ह यांच्यात जागा. तक्त्यांतल्या तारखा आधी वर्ष, मग महिना, मग दिवस अशा केल्या. आयएसओ ८६०१ या मानकाचा हा क्रम १९८८ पासून आहे, आणि त्यात ०३/०४ म्हणजे मार्च की एप्रिल हा प्रश्नच येत नाही.

शेवटी एकच रेघ उरली होती, ‘ओव्हरनाइट’ या शब्दाखालची. बिया रात्रभर वाळवल्या होत्या. इंग्रजी बिनचूक, शब्द सगळे वापरतात, परीक्षकांनीही त्यावर काही म्हटलं नव्हतं. पण समासात पट्टा काढायला घेतला आणि त्याची लांबी मला माहीत नव्हती. प्रयोगशाळेची वही काढली. प्रत्येक तुकडी आत ठेवल्याची आणि बाहेर काढल्याची वेळ माझ्याच अक्षरात होती. सर्वांत कमी १३ तास, सर्वांत जास्त १७. चार तासांचा फरक त्या एका शब्दाखाली झाकला गेला होता. मी ‘फॉर १३ टू १७ अवर्स’ लिहिलं, कुठली तुकडी किती तास हे तक्त्यात घातलं, आणि मसुदा मॅडमना पाठवला.