वीज गेल्यावरचा टेक

आमच्या बँडचा पहिला अल्बम येऊन आता दीड वर्ष झाले. त्यातील नऊ गाण्यांपैकी सहावे गाणे मी अजूनही शेवटपर्यंत ऐकू शकत नाही, आणि त्याचे कारण दुसऱ्याला पटवून देणे कठीण आहे, कारण त्या गाण्यात बोट ठेवावे अशी चूक एकही नाही.

ड्रम्सचे रेकॉर्डिंग आम्ही मे महिन्यात, इतवारीतील एका रिकाम्या गोदामात केले. नागपुरात या कामासाठी मे महिना शहाणा माणूस निवडणार नाही, परंतु मालकाने गोदाम फुकट दिले ते तेवढेच तीन आठवडे. भिंतींचा घुमारा मोडण्यासाठी बिछायत केंद्रातून चाळीस गाद्या आणल्या. लग्नसराई ऐन भरात असल्यामुळे त्यांचे भाडे मायक्रोफोनच्या भाड्याहून अधिक पडले. बाहेर पारा ४५ अंशांवर होता. कूलरची घरघर प्रत्येक मायक्रोफोनमध्ये शिरते, म्हणून टेकच्या, म्हणजे गाणे सलग एकदा रेकॉर्ड करण्याच्या, आधी तो बंद करायचा, चार-साडेचार मिनिटे भट्टीत बसल्यासारखे वाजवायचे आणि शेवटची झांज विरली की कोणीतरी बटणाकडे धाव घ्यायची. कूलरच्या ओलसर हवेत लावलेली गिटार तो बंद होताच हळूहळू उतरते किंवा चढते, त्यामुळे टेक घेण्यापेक्षा तारा लावण्यातच आमचा अधिक वेळ जात असे.

तरीही ते गोदाम मला हवे होते, आणि ते त्याच्या माळ्यासाठी. लेड झेपेलिन या रॉक बँडच्या १९७१ च्या अल्बमसाठी हेडली ग्रेंज या इंग्लंडमधील जुन्या घरात जॉन बोनम यांचा ड्रमसेट खालच्या दालनात मांडून मायक्रोफोन वर जिन्यात टांगले होते, ही गोष्ट रॉक वाजवणाऱ्या प्रत्येकाने कधी ना कधी ऐकलेली असते. आमच्याकडे जिना नव्हता, माळा होता. ड्रम्सच्या अंगाशी नऊ मायक्रोफोन लावले आणि दोन माळ्याच्या कठड्यावरून खाली सोडले, ड्रम्सपासून बरोबर दहा फुटांवर. एवढे अंतर कापून आवाज वर पोहोचायला सुमारे साडेआठ मिलिसेकंद लागतात. जवळच्या आवाजामागून येणारा हा एवढासा उशीर स्नेअरच्या, म्हणजे ड्रमसेटमधील कडक आवाजाच्या ड्रमच्या, फटक्याला असा काही देह देतो, की पहिल्या दिवशी तो हेडफोनमध्ये ऐकून मी जेवायचे विसरलो होतो.

आमच्या ड्रमरविषयी एवढे सांगितले पाहिजे, की तो ड्रमसेटवर बसण्याच्या कितीतरी आधी ताशा वाजवत असे. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी आमच्याकडे मारबत, म्हणजे पीडा घेऊन जाणाऱ्या पुतळ्याची मिरवणूक, निघते, ‘इडा, पीडा घेऊन जा गे मारबत’ असे ओरडत अख्खे महाल-इतवारी रस्त्यावर उतरते, आणि त्या गर्दीत बडग्या नावाच्या पुतळ्यांपुढे तो वयाच्या दहाव्या वर्षापासून ताशा वाजवत आला. त्यामुळे स्नेअर तो इतका ताणून लावतो, की तिचा आवाज ताशाच्या अंगाने जातो. आणि दोन मोठ्या फटक्यांच्या मधे त्याचा डावा हात जे बारीक, जवळजवळ ऐकू न येणारे ठोके पेरत जातो, ते कोणत्याही क्लासमध्ये शिकवत नाहीत. आमच्या शहरात रॉक म्हणजे केस वाढवून ओरडणे अशी समजूत असलेल्या मंडळींना हे ठोके ऐकवावेत असे मला नेहमी वाटत आले आहे.

सहाव्या गाण्याचा तो पाचवा टेक होता. हेडफोनमध्ये ताल धरणाऱ्या क्लिकचा वेग मिनिटाला १३२ ठोके. मी आणि बेसवाला ड्रमरसमोर बसून केवळ वाट दाखवण्यापुरते वाजवत होतो. आमची वाद्ये थेट इंटरफेसला, म्हणजे आवाज लॅपटॉपमध्ये नेणाऱ्या पेटीला, जोडलेली होती आणि तिघेही एकमेकांना फक्त हेडफोनमधून ऐकत होतो. दुसरे कडवे संपता संपता लाईन गेली. लॅपटॉप आणि इंटरफेस यूपीएसवर होते, ते चालू राहिले. हेडफोनचा ॲम्प्लिफायर मात्र मी स्वतः घाईत दुसऱ्या बोर्डात खोचला होता. क्लिक गेली, गिटार गेली, बेस गेला; तिघांच्याही कानांत एकदम शांतता झाली आणि अंधुक झालेल्या गोदामात ड्रम्स तेवढे वाजत राहिले.

मी थांबण्यासाठी हात वर केला. त्याने मान हलवून नकार दिला आणि वाजवता वाजवताच ओरडला, “चालू दे बे!” पडद्यावर लहरी उमटताना दिसत होत्या, म्हणून मी मुक्या तारांवर हात चालवत राहिलो आणि गाण्याचे शब्द ओठांनी त्याला दाखवत राहिलो. तो माझ्या तोंडाकडे पाहत पुढची दोन मिनिटे वाजवत होता. शेवटच्या कडव्याआधी गाणे जरा दम खाते, तिथे तो आपसूक मागे रेलला. नंतर मोजले तेव्हा वेग १२६ वर आलेला दिसला. म्हणजे प्रत्येक ठोक्यामागे सुमारे बावीस मिलिसेकंदांचा फरक. शेवटाला तो पुन्हा चढला, १३२ च्याही किंचित पुढे गेला. झांज विरल्यावर आम्ही तिघेही काही बोललो नाही. कूलर लावायला धावण्याचा प्रश्नच नव्हता.

त्या टेकमध्ये एक खोट होती. वीज गेल्यापासून यूपीएस दर काही सेकंदांनी बीप देत होता आणि ती बीप माळ्यावरच्या दोन्ही मायक्रोफोनमध्ये स्वच्छ उतरली होती.

मिक्सिंगसाठी, म्हणजे सगळे आवाज एकत्र बसवण्यासाठी, फायली मुंबईतील एका स्टुडिओत पाठवल्या. तेथील गृहस्थ कामात चोख होते, आणि अशा चोख माणसांविषयी माझी तक्रार हीच आहे, की आपल्यापुढे आलेली प्रत्येक वस्तू चौकटीत बसवणे म्हणजेच ती सुधारणे असे त्यांना मनापासून वाटते. त्यांनी फोनवर सांगितले की बीपमुळे माळ्याचे मायक्रोफोन वापरता येणार नाहीत, दुसऱ्या अर्ध्यात ड्रमर “घसरला” आहे, तेव्हा सगळे ठोके १३२ च्या ग्रिडवर, म्हणजे समान अंतराच्या रेघांवर, ओढून घेऊ आणि स्नेअरच्या जागी तयार सॅम्पल, म्हणजे आधीच रेकॉर्ड केलेला फटका, बसवू. मी बीपचे निमित्त धरून होकार दिला. खरे कारण वेगळे होते: गिटारचे थर चढवायचे बाकी होते आणि हलत्या वेगावर चार गिटारी एकमेकींशी जुळवण्याची मला धास्ती वाटत होती. सॅम्पल ठरावीक पातळीच्या वरचा फटका मिळाला तरच वाजते. डाव्या हाताचे बारीक ठोके त्या पातळीच्या खाली होते, त्यामुळे ते सगळे गेले. माळ्याच्या मायक्रोफोनबरोबर गोदामाचा आवाजही गेला, ज्यासाठी मी चाळीस गाद्यांचे भाडे भरले होते.

पूर्ण झालेले गाणे मी ड्रमरला माझ्या घरी ऐकवले. त्याने डोळे मिटून ते ऐकले, हेडफोन काढून टेबलावर ठेवले आणि विचारले, “हे मी वाजवलं का बे?” मी हो म्हणालो. “मस्त झालं,” एवढेच बोलून तो बेसच्या आवाजाविषयी बोलू लागला. पुढे या विषयावर त्याने कधी शब्द काढला नाही. लोकांना हेच गाणे सर्वांत अधिक आवडते, कार्यक्रमात त्याची फर्माईश होते, आणि प्रत्यक्ष वाजवताना तो अजूनही शेवटच्या कडव्याआधी मागे रेलतो. तेव्हा आम्हीही त्याच्याबरोबर रेलतो, आणि ज्या अडचणीची मी धास्ती घेतली होती ती आम्हाला एकदाही आलेली नाही.

गेल्या पावसाळ्यात मी तो मूळ टेक पुन्हा उघडला. आवाजाचे चित्र दाखवणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये बीप म्हणजे एक आडवी बारीक रेघ दिसते; ती निवडून पुसायची. एका दुपारी सगळ्या बीपा निघाल्या, म्हणजे “वापरता येणार नाहीत” हे तेव्हाही खरे नव्हते आणि ते तपासून पाहणे माझ्या हातात होते. आता त्या टेकवर अल्बममधील गिटारी बसत नाहीत, कारण त्या सगळ्या ग्रिडवर वाजवलेल्या आहेत. घ्यायचे झाले तर सगळे पहिल्यापासून घ्यावे लागेल. ती फाईल मी ड्रमरला अद्याप ऐकवलेली नाही. शेवटच्या झांजेचा नाद विरत असताना, अगदी टोकाला पडलेली एक बीप मात्र तेवढी राहिली आहे. ती पुसली की तिच्याबरोबर झांजही तुटते, म्हणून ती तशीच ठेवली.